मिठाचं माप

एकतीस वर्षं मी औषधं मोजली,
काचेच्या कपाटामागे, पांढऱ्या कोटात,
ग्रॅमच्या हजाराव्या भागावर श्वास रोखून.
म्हणून पहिल्याच दिवशी वही काढून विचारलं,
हिल्ट्रूड, मीठ किती?

तिने मूठ पुढे केली. उघडली. मिटली.
"एवढं. भट्टीला अजून हवं असेल तर अजून."
मी लिहिलं: एक मूठ. मग खोडलं.
कुणाची मूठ, हे कुठे ठरलं होतं?

सुरुवात मात्र तिने खड्ड्यापासून करायला लावली.
शेडमागे गुडघाभर खोल.
तळाला भुसा, त्यावर घोड्याची लीद,
खारवलेला पेंढा, तांब्याच्या तारेची भेंडोळी,
आणि फेन्याने आठवडाभर जमवलेल्या केळ्यांच्या साली,
कारण केळं म्हणे मडक्यावर उमटतं कधीकधी.
कधीकधी!
आमच्या दुकानात हा शब्द लेबलावर चालला नसता.

चमच्याच्या पाठीने तीन संध्याकाळी घोटलेलं मडकं
त्या केरात ठेवताना
शिकलासवरलेला मुलगा
उकिरड्यावर बसवल्यासारखं वाटलं.
पत्रा झाकला. रात्रभर धूर.
पहाटे कुणी उठायच्या आत मी पत्रा सरकवला,
राखेत हात घातला. हातमोज्यातून ऊब आली, गोड.
बाहेरची हवा लागताच ते बोललं:
टण्.
काठापासून बुडापर्यंत एकच अक्षर.

हिल्ट्रूड ओरडली नाही. कॉफी ओतत म्हणाली,
"गिऱ्हाइकांना तू सांगायचास ना,
बरं वाटलं तरी गोळ्या मध्येच थांबवू नका?"

ऑक्टोबरात मोठी भट्टी लागली.
लाकूड आमच्याच टेकडीवरच्या स्प्रूसचं.
सालकिड्याने तीन उन्हाळ्यांत अख्खा उतार
उभ्या उभ्या वाळवून टाकला होता.
त्यांच्याखाली लहानपणी मी ब्लूबेरी वेचल्यात.
आता त्यांचेच फाळके, दोन-दोन,
दार उघड, टाक, मिट,
धुराड्यातून काळा धूर, मग ज्वाळेची जीभ, मग नुसतं आभाळ.
माझी पाळी दोन ते सहा.
घड्याळ बघत होतो, तर फेन्याने,
वय वर्षं एकोणीस,
ते माझ्या मनगटावरून काढून खिशात टाकलं.
"ऐक. भूक लागली की तिचा आवाज बदलतो."
पाचच्या सुमारास मला ऐकू आलं.
खात्री नव्हती, तरी लाकूड टाकलं.
फेन्या काही बोलली नाही. तीच पावती.

मग मीठ.
कागदाच्या पुड्या मीच बांधल्या होत्या,
औषधाच्या बांधाव्यात तशा, दुहेरी घडीच्या.
लोखंडी पन्हळीतून आत. तडतड. पांढरा ढग.
तोंड फिरवा, श्वास घेऊ नका.
हिल्ट्रूडने सळईने एक कडं ओढून काढलं,
बादलीत बुडवलं, अंगठा फिरवला.
"उपाशी."
दुसरं. "अजून."
चौथं तिने माझ्या तळहातावर ठेवलं,
संत्र्याच्या सालीसारखं, बारीक खड्ड्यांचं, चकाकतं.
"हे बघ. आता खाल्ल्या मिठाला जागतंय."
पुड्या किती लागल्या ते मोजायचं राहिलं.
हे मला झोपताना कळलं.

चार दिवस भट्टी बंद.
दुसऱ्या दिवशी गेलो, विटांना हात लावला, परत आलो.

माझी सुरई निघाली.
एका अंगाला राख वितळून ओघळलेली, शेवाळी.
दुसऱ्या अंगाला फिका, कोरडा डाग.
मीठ तिथे पोचलंच नव्हतं.
दोष, मी म्हणालो.
फेन्याने आपला ओबडधोबड बुधला आणून शेजारी टेकवला.
डागाची कड आणि बुधल्याच्या कानाची कड
तंतोतंत जुळली.
अडतीस तास दोघं खांद्याला खांदा लावून उभी होती.

बुधला त्याच शनिवारी विकला गेला.
कोब्लेन्झचं कुणी जोडपं होतं, घासाघीस न करता घेऊन गेलं.
सुरई माझ्याकडे आहे.
तिच्या अंगावर त्याचा कान आहे.