वांगी रंग

थोइबीनं पहिल्याच वेळी सांगितलं,
हात सैल सोडा, ताई.
तुम्ही मला मदत करताय, तीच अडचण आहे.

खरं होतं. तिनं बोट उचलायच्या आधी
मीच ते उचलून धरत होते.
सतरा वर्षं समोरच्याच्या हाताआधी
आपला हात पुढे करायची सवय:
कुठं जायचंय, सुट्टे द्या, पुढे सरका.

धनकवडीत, चष्म्याच्या दुकानावर,
तीन खुर्च्यांचं तिचं पार्लर.
एक मंगळवार सोडून एक, माझ्या सुट्टीला.
तिथले नियम कुठं लिहिलेले नाहीत,
चुकत चुकत कळले.
उशीर होणार असेल तर आधी फोन करायचा,
धापा टाकत येऊन ट्रॅफिकची गोष्ट सांगायची नाही.
बोटाला चिरलं असेल तर ते अगोदर बोलायचं,
ॲसिटोन झोंबल्यावर नाही.
ओल्या नखांनी फोन उचलायचा नाही,
डेपोतून असला तर नाहीच.
वरचे पन्नास काउंटरवर ठेवायचे नाहीत,
तिच्या हातात द्यायचे,
आणि तोंडानं "असू दे गं" म्हणायचं नाही.

मग तेरा दिवस माझे मला.
जाऊ म्हणते, तेरा दिवस? सुतक आहे का काय?

पहाटे भांडी पिवळ्या हातमोज्यांत.
नवरा विचारतो, आज कुणाचं ऑपरेशन?
हळद चमच्यानं. मेथी विळीवर.
लसूण पोरानं सोलायचा, त्यालाही दहा बोटं आहेत.
डब्याचं झाकण निघत नसेल तर
उलथन्याचं टोक, नख नाही.
चौथ्या दिवशी वरून पारदर्शक एक हात,
टोकाच्या कडेवरूनसुद्धा,
कारण रंग सुटतो तो कडेपासूनच.
रात्री नखांच्या मुळाशी बदामाचं तेल,
आणि दहा बोटं हवेत धरून पडून राहते.
तेवढा वेळ घरात कुणी मला पाणी मागत नाही.

मशीनची बटणं पेरानं दाबायची.
हे बोटांना पटवायला
कात्रज ते शिवाजीनगर अख्खा आठवडा गेला.
नाणी तर वैरीच.
बॅगेच्या तळाशी चिकटलेला रुपया
खरवडून काढायचा नाही.
बॅग तिरकी करायची,
तो आपणहून येतो.

एक पासवाले आजोबा रोज बघायचे.
एकदा म्हणालेच, कंडक्टरला शोभतं का हे?
मी पास परत दिला
दोन वांगी नखांच्या चिमटीत धरून.
मुदत संपलीय, आजोबा. परवाच.

सहाव्या दिवशी भारती विद्यापीठाशी
ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला,
मी खांब धरला,
अनामिकेवरचा टवका उडाला.
आता त्यात दुसरं नख घालून
उरलेला रंग सोलून काढावा, असा मोह,
खपलीचा असतो तसाच.
सोलायचा नाही. रंगाबरोबर नखाचा पापुद्राही निघतो.
शर्टाच्या खिशात फाइल असते.
सिग्नलला दोनदा फिरवली, एकाच दिशेनं.
तरी दिसत होतंच.

आणि नेमकी त्याच संध्याकाळी
बालाजीनगरला थोइबी चढली.
अंगाला ॲसिटोनचा वास,
स्वतःची नखं बुडापर्यंत कापलेली, बिनरंगाची,
कडेची कातडी सोलवटलेली,
आणि तळव्यावर मोजून दहा रुपये.

अनामिका मी मशीनखाली दडवली.
तिनं पाहिलं होतं.
चारचौघांत काही बोलली नाही.
तिच्या हातांबद्दल मीही नाही.
तिकीट फाडलं आणि तिच्या तळव्यावर ठेवलं,
अगदी हलकेच,
ओल्या रंगाला धक्का लागू नये तसं.

मागून कुणीतरी ओरडलं,
मॅडम, माझे पाच रुपये राहिलेत!

बॅग तिरकी केली.