जुळता हिस्सा

अर्जाच्या सातव्या पानावर एक रकाना आहे:
सरकारच्या एका डॉलरमागे
तुमचा डॉलर कुठून येणार?

मी लिहिलं, काउंटीचे नऊ हजार.
बदकं मारणाऱ्यांच्या क्लबाचे बारा
(जेवण, लिलाव, सोडतीत एक बंदूक.
जे मारतात तेच जगवायला पैसे देतात,
हे मी आता कुणाला समजावत बसत नाही).
ऑर्लिनचा बुलडोझर, दोन दिवस, डिझेल त्याचंच.
तरीही बेरीज तोकडी,
म्हणून आर्लिस क्विकस्टाडकडे गेलो
तिची खालच्या अंगाची चाळीस एकर मागायला.

तिनं कॉफी ओतली, डकोटात पितात तशी, पातळ.
म्हणाली, हॅरल्डनं ते तळं आटवण्यात
जन्म घातला, माहीत आहे ना?
चर खणला, पाइप पुरले,
आणि दर एप्रिलला बर्फ वितळलं
की ते हजर, गव्हाच्या मधोमध,
रुसून गेलेल्या भावानं
जेवणवेळी परत यावं तसं.
ट्रॅक्टर रुतला की शिव्या द्यायचा
नॉर्वेजियनमधून.
बाकी सगळं इंग्रजीत, माझ्याशी प्रेमसुद्धा.

मी कागद सरकवला.
'कायमस्वरूपी' वर तिचं बोट थांबलं.
कायम म्हणजे किती रे?
वकिलानं पढवलेलं उत्तर होतं माझ्याकडे.
ते दिलं नाही.
खिडकीबाहेर पांढरं, सपाट,
कुंपणाचे खांब तेवढे वर आलेले.
आम्ही ते मोजल्यासारखे बघत राहिलो.

मग सही केली. मूल्यांकनाचा आकडा वाचून हसली:
जी जमीन त्याच्या हाती कधी लागलीच नाही
तिचा भाव कसा काढलास?

वॉशिंग्टनहून पत्र आलं:
बुलडोझरचा तास कोणत्या दरानं धरलात?
मी दर कळवला.
पुढे चौदा महिने काहीच नाही.
दरम्यान आर्लिसला मायनॉटच्या वृद्धाश्रमात नेलं,
घराचा नळ गोठून फुटला,
क्लबाचा खजिनदार बदलला.
मंजुरी आली ती मंगळवारी,
मी टायर बदलत होतो.

ऑर्लिननं चराच्या तोंडाशी माती ढकलली.
दोन दिवस धरले होते, दुपारच्या आत आटोपलं.
(उरलेला दीड दिवस हिशेबात
कुठे दाखवायचा, अजून ठरत नाही.)

मे महिन्यात पाणी गुडघाभर.
चिखलात इतकी वर्षं दम धरून बसलेलं
लव्हाळ्याचं बी वर आलं,
कुणी पेरलं नव्हतं, कुठल्याच रकान्यात नव्हतं.
आणि तलवार बदकांची एक जोडी,
नर लांब शेपटीचा, ऐटबाज,
मादी मातीच्या रंगाची, दिसेना दिसेना
आणि मग तिच्यामागे सात.

फोटो घेऊन मायनॉटला गेलो.
आर्लिसनं तो डोळ्यांशी नेला, लांब धरला,
पिल्लं मोजली, चुकली, पुन्हा मोजली.
मग हॅरल्डची ती शिवी
तिनं हळूच उच्चारली,
अगदी त्याच्याच हेलात,
जशी दारातून कुणाला
आत ये म्हणून हाक घालावी.