मागील रीडिंग, चालू रीडिंग

बत्तीस वर्षं मी कोल्हापूरचे मीटर वाचले.
जिन्याखाली, गोठ्यात, फडताळामागं,
बॅटरी दातांत धरून आकडे उतरवले.
कुठलं कुत्रं चावतं आणि कुठलं नुसतंच बोलतं
हे मला मालकाआधी ठाऊक.
उत्तरेश्वर पेठेपासून फुलेवाडीपर्यंत
एक बोळ माझ्या पायाला परका नव्हता.

आता रीडिंग घ्यायचं ते माझंच.
परवा : खाट ते मोरी, मोरी ते खुर्ची.
काल : उंबरा ओलांडला,
गटारीवरची फरशी डुगडुगली,
परत.

डॉक्टर म्हणतात गुडघा.
पोरगा म्हणतो वय.
असेल.
पण खरं सांगू? चौकातल्या मुतारीला
दिवाळीपासून कुलूप आहे.
माझ्या नकाशावर आता तालमी नाहीत, देवळं नाहीत,
आडोसा मिळतो तेवढीच ठिकाणं.

केएमटीची पायरी दर साली वर सरकते.
ड्रायव्हर पोरगं गुणाचं, थांबतं.
मागची माणसं थांबत नाहीत.

पिठाच्या गिरणीपुढचा कट्टा पाडला.
अर्ध्या वाटेवर तिथं टेकायचो.
आता वाट अर्धी होतच नाही,
सगळीच्या सगळी अंगावर येते.

आणि रज्जाकभाई. सदर बाजार.
दर शुक्रवारी बिनसाखरेचा चहा आणि सरकारला शिव्या.
वैशाखात गेले.
तिकडं रस्ता अजून आहे,
काम उरलं नाही.

तेजस्विनी म्हणते, "मामा, सांगा की काय पाहिजे,
मोबाईलवरनं मागवते."
दूध येतं, गोळ्या येतात,
पेन्शनसुद्धा फोनातच वाजते.
पोरीचा जीव आहे माझ्यावर.
तिला कसं सांगू,
एकेक पिशवी दारात आली
की माझा एकेक रस्ता मिटतो.

नवं मीटर आपला आकडा आपणच पाठवतं म्हणे.
वाचायला कुणी येत नाही.

आज पहाटे घर झोपेत असताना
किटली घेतली. रिकामी. काठी म्हणून नाही,
किटली हातात असली की
म्हातारा कामाला निघालाय असं दिसतं.
एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत,
दुसऱ्यापाशी जरा उगाच वर बघत,
गंगावेस.

म्हशी उभ्या होत्या. धारेचा आवाज.
"काय मीटरवाले, लई दिसांनी!"
गवळ्यानं फेसाचा ग्लास पुढं केला.
अर्धाच प्यालो,
परतीची वाट आठवून.

चारशे बारा पावलं.
बिलाच्या पाठीमागं लिहून ठेवलीत.
परतीची मोजायची राहिली.