चौथं पाऊल

ट्रकमधून आधी उतरते चूल,
मग चुलीभोवतीचा लोखंडी कठडा,
मग जाळीच्या भिंती, घडी घातलेल्या,
मग नमदा, मग नारिंगी दार,
आणि सगळ्यात शेवटी दुलमाच्या मांडीवर बसून आलेला
खेळण्यांचा खोका.
उन्हं कलायच्या आत माळावर एक बालवाडी उभी राहते.

कळपांमागून माणसं येतात,
तपकीर ओढतात, दोर ओढून बघतात,
विचारतात, किती दिवस?
एकवीस, मी म्हणते.
हसतात. एकवीस दिवसांत, बाई,
कोकरूसुद्धा धड चरत नाही.

चौथ्या दिवशी त्सेवेल्मा आली घोड्यावरून,
पुढ्यात तीन वर्षांचा मुलगा.
नाव एनेबिश.
म्हणजे, हा नव्हे.
आधीची दोन राहिली नाहीत, म्हणून याचं असं.
मरण दारात आलंच तर त्याला सांगायचं:
तू शोधतंयस तो हा नव्हे,
पुढचं घर बघ.

रोज सकाळी मी हजेरी घेते.
हा नव्हे?
तो बोलत नाही.
मी वहीत हजर लिहिते.

दूध सांडलं म्हणून सदरा बदलताना
कमरेभोवती दिसला पुसट पट्टा.
मी काही विचारलं नाही.
त्सेवेल्माच म्हणाली संध्याकाळी, घोड्याशी बोलल्यासारखं:
दर दोन तासांनी घोड्यांची धार,
नवरा मेंढ्यांमागे टेकडीपल्याड,
घरात चूल पेटलेली, बाहेर नदी.
पलंगाच्या पायाला बांधते. पट्टा मऊ आहे.
आतून फ्लॅनेल लावलंय, मीच शिवलंय.

मला ती शिवण माहीत आहे.
माझ्या कमरेलाही होती.

एनेबिश तीन पावलं चालायचा आणि थांबायचा.
दोर नव्हता, तरी थांबायचा.
दाराकडे तीन, खोक्याकडे तीन,
वळायचा, परत यायचा तिथंच
जिथं पलंग नव्हता.
बाकीची मुलं त्याला वळसा घालून पळायची,
पाणी खडकाला घालतं तसं.
दुलमा म्हणाली, हात धरून ने की.
मी म्हणाले, नको.

मी मेंढीच्या घोट्याची हाडं घेतली,
लाल रंगवलेली, खेळातली.
चौथ्या पावलावर एक ठेवलं
आणि भाज्या चिरायला बसले, पाठ करून.
सहा दिवस हाड तिथंच.
सातव्या दिवशी नव्हतं.
त्याच्या मुठीत होतं, आणि मूठ
पार पलीकडे, नमद्याच्या भिंतीला टेकलेली.
दुलमाने डोळे पुसले, म्हणाली, कांदा.
कांदा नव्हताच त्या दिवशी.

मग काय विचारता!
बादलीत हात, पिठात हात,
आरियुन्झुलच्या वेणीत हात.
कठड्याला धरून चुलीभोवती फेऱ्या,
लोखंडावर हाड वाजवत.
हजेरीला अजून गप्पच. पण एकदा,
मी दुसऱ्याच कुणाचं नाव घेत असताना, म्हणाला,
हा.

जिल्ह्याहून फॉर्म आला.
रंग किती ओळखतो? अंक किती? शब्दसंख्या?
मी शेरा लिहिला: चौथं पाऊल.
अधिकाऱ्यांनी फोन करून विचारलं, म्हणजे काय?
रेंज गेली. बरं झालं.

एकविसाव्या दिवशी गोंचिगने ट्रक मागे घेतला.
त्सेवेल्मा आली, मुलगा हाताला,
हातातून निसटतोय, माशासारखा.
ती खूप वेळ उभी राहिली.
मग म्हणाली, बाई, राग मानू नका.
आता पट्ट्यात राहत नाही हा. गाठ सोडतो.
चूल तर पेटणारच. धार तर काढायचीच.
तुम्ही चाललात.

खरं होतं.
माझ्याकडे एकही वाक्य नव्हतं.
प्रशिक्षणात बारा दिवस वाक्यंच दिली होती.

गोंचिग सामान मोजत होता, मी वही धरून.
भिंती, पाच. दार, एक. चूल, एक.
त्सेवेल्माचा घोडा चढ चढत होता,
खोगिरामागे दोरीने बांधलेलं काहीतरी
उन्हात चमकत, प्रत्येक टापेला खणखणत.
गोंचिगने तिकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
तोंडातली काडी या गालातून त्या गालात नेली.
नऊ नंबर? त्याने विचारलं.
कठडा, लोखंडी, सरकारी.

हरवला, मी लिहिलं.