स्टूल

आज स्टूल आलंय.
चौथ्या काउंटरमागे, पायांना अजून प्लास्टिक गुंडाळलेलं.
मनीषनगरच्या दुकानात ते वर्षातून एकदा उगवतं,
वरचे साहेब तपासायला येतात त्या दिवशी.

'बस ना वो,' सुपरवायझर बोपचे म्हणतो,
इतक्या मऊ आवाजात की मीच दचकते.
बसते. गुडघ्यांना कळत नाही
ड्युटीवर वाकायचं कशासाठी.

साहेबांच्या पॅडवर चौकोन.
पाणी? हाव. सुट्टी? हाव.
बसायची सोय?
बोपचे छताकडे बघतो. मी स्टुलाकडे.
'हाव.'
खोटं कुठाय, बसलेच तर आहे.

मग रांग सरकते. तूरडाळ, फरसाण, शाम्पू,
आणि तो महागडा चहा,
त्यावर रास्त भावाचा शिक्का.
(आमच्याकडे रास्त भाव म्हणजे रेशनचं दुकान.)
पाकिटावर एक बाई, पाठीला टोपली, हसतेय.
तिला उलटी करून लाल उजेडाखाली धरते.
टुक.
तिचा फोटो काढला त्या दिवशी
तिलाही कोणी म्हटलं असेल का,
बस ना वो?

साडेनऊला शटर अर्धं खाली.
बोपचे स्टूल उचलून गोदामात नेतो,
झाडूंच्या मागे. प्लास्टिक नीट करतो,
पुढच्या वर्षी लागेल म्हणून.

हुडकेश्वरच्या शेअर ऑटोत
खिडकीची जागा मिळते.
'टेकून बस ना वो, अशी टोकावर काऊन बसली?'
बाजूची म्हणते.

मी सरकते थोडी मागे.
अजून थोडी.