शीळ

माझं नाक रात्री वाजतं.
घोरणं नव्हे. बारीक शीळ,
लांबून कुणीतरी कुणाला तरी बोलावतंय अशी.
दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोक आहे,
ज्वारीच्या दाण्याएवढं.
डॉक्टरांनी टॉर्च मारून विचारलं, कामाला कुठं?
म्हटलं, अंबडला, क्रोमच्या टाकीवर, एकोणीस वर्षं.
त्यांनी टॉर्च विझवली.

आमच्याकडं नळ यायचे, पितळी, मळके.
हुकाला टांगायचे, बुडवायचे, उचलायचे, निथळू द्यायचे,
मग धुवायचे, पहिल्या पाण्यात, दुसऱ्या पाण्यात, तिसऱ्या पाण्यात,
की त्यात आपलं तोंड दिसायचं, नाक तेवढं मोठं.
ते पाणी पुढं कुठं जातं
हे लिहायला शिफ्टच्या वहीत रकाना नव्हता.
मला ठाऊक होतं. व्हॉल्व्ह मीच फिरवायचो,
रात्री अडीचनंतर, सुपरवायझरचा मिस्ड कॉल आला की.
नाल्यातून नासर्डी, नासर्डीतून गोदावरी.
पिवळंजर्द. अंधारात कुणी म्हणालं असतं,
हळद धुतली कुणाची.

गेल्या पौषात मेहुण्याकडं गेलो, मांजरगावला.
रंगनाथ कहार. नांदूर मध्यमेश्वरच्या फुगवट्यात त्याची जाळी.
ओट्यावर एक मुलगी बसलेली, तेजल बोरस्ते,
मांडीवर डबी, चिमट्यानं काळं काहीतरी निवडत.
पाणमांजराची लेंडी आहे, म्हणाली.
खवले. काटे. खेकड्याची नांगी.
हुंगायला दिली. जुन्या मासळीसारखा येतो ना वास?
मी हो म्हटलं.
मला वास येऊन सात वर्षं झाली.

रंगनाथ वैतागलेला.
जाळी फाडतात, निम्मा मासा खातात, निम्मा टाकतात,
आणि त्यांची घाण तू सोन्यासारखी तोलतेस?
पण आश्विनात एक मेलेलं सापडलं पाणवेलीत,
अंगावर ओरखडाही नव्हता,
ते त्यानंच पुरलं, फाटक्या जाळ्यात गुंडाळून.
का, विचारलं तर म्हणतो, कुत्र्यांनी ओढलं असतं.

कशानं मेलं ते सांगता येत नाही, तेजल म्हणाली.
शेवाळात चिमूटभर, मळ्याच्या माशात त्याहून जास्त,
मरळीत आणखी,
आणि मरळ खाणाऱ्याच्या नावावर सगळ्यांची उधारी.
तिनं कागद दाखवला.
क्रोमियम, निकल, कॅडमियम, शिसं. पुढं आकडे.
आकडे मला लागले नाहीत.
पण चौघंही ओळखीचे, बरोबर ड्यूटी केलेली.
शिशाच्या पट्ट्या तर मीच घासायचो, दर सोमवारी.

तुम्ही काय करता, काका?
म्हटलं, नळांना पॉलिश.
छान, म्हणाली, आमच्या घरचे कसले चमकतात.

जेवणात मरळ होती.
सगळ्यांनी खाल्ली.

रात्री ओट्यावरच अंथरुणं. नदीवर धुकं.
तेजल खांबाला टेकून, कानटोपी काढून,
रात्रभर ऐकायला बसलेली.
मी पाण्याकडं तोंड करून पडलो, झोप नव्हती.
साडेअकराच्या सुमारास ती एकदम ताठ झाली.
दादा, ऐका. आलं.
रंगनाथनं उशीवरून डोकं उचललं.
बारीक शीळ, जवळच, अगदी काठावरून आल्यासारखी.
कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात तिनं वहीत टिपलं,
अकरा बत्तीस. एक. दिसलं नाही.

मी श्वास धरला.
शीळ थांबली.

बिथरलं, ती कुजबुजली,
आणि दिवा विझवला,
ते परत यावं म्हणून.