दगड हलवताना

बावीस वर्षं सेलमला सोनं गाळून
हे विट्याला परत आले
ते दोन बॅगा, खोकला
आणि ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत
वीतभर चंदेरी मासा घेऊन.
बसमध्ये रात्रभर मांडीवर धरली होती म्हणे पिशवी.
आमचा रणधीर झाला तेव्हा
चौदाव्या दिवशी उगवले होते.

हॉलमध्ये माझं शिलाई मशीन होतं
तिथे आता सहा फुटी काच.
मशीन जिन्याखाली गेलं.
कोणी विचारलं नाही,
मीही बोलले नाही.

वर अरोवाना, तलवारीच्या पात्यासारखा.
मधल्या पाण्यात दोन ऑस्कर, निखाऱ्यांच्या ठिपक्यांचे.
तळाशी लालशेपटी कॅटफिश,
मिशा पसरून, सासऱ्यांसारखा, सगळं ऐकत.
"तिघांचे तीन मजले," हे सांगतात,
"मजला सोडला की भांडण."
आणि मग तो एकच नियम,
येईल त्या पाहुण्याला, चहाच्या आधी:
जो ज्याच्या तोंडात मावतो
तो शेजारी नव्हे, घास.

अरोवाना उडी मारतो.
म्हणून झाकणावर माझा वरवंटा.
चटणी आता मिक्सरला.

भट्टीच्या ज्योतीवरून टंच सांगणारा माणूस
पाण्यात बोट बुडवून म्हणतो, आज बदलायला हवं.
तेजाबानं पिवळी झालेली ती बोटं
माशांना चालतात.
कोळंबी सोलून एकेक भरवतात
आणि म्हणत राहतात, "वा, वा."
मला वाटायचं, कौतुक चाललंय.
मला कधी चार भाकरींत एक वा मिळाला नाही.

मे महिन्यात नळ पाचव्या दिवशी.
ड्रममध्ये पाणी मुरवायचं, औषधाचा वास जाईस्तोवर,
मग टाकीतलं तिसरा हिस्सा काढून तेवढंच भरायचं.
शेजारच्या इंदूताई कुंपणावरून म्हणाल्या,
"माशांना अंघोळ, माणसांना रांग."
खोटं नव्हतं.
मी काढलेलं पाणी बादलीनं त्यांच्या शेवग्याला घातलं.
एवढ्या शेंगा लागल्या त्या वर्षी
की त्यांनीच आणून दिल्या,
वर म्हणाल्या, घाण पाणी आहे खरं, पण कसदार आहे हो.

एका सकाळी मधल्या पाण्यात एकच ऑस्कर.
काच धड, झाकण जागेवर, वरवंटा जागेवर.
तळाशी कॅटफिश पोट टेकून पडलेला,
डोळे आपले नेहमीचेच.
हे दोन दिवस जेवले नाहीत नीट.
"वाढ माझ्या ध्यानात आली नाही," म्हणाले.
"रोज बघतो ना, म्हणून."
मी भांडी घासत होते.
घरातून गेले तेव्हा रणधीर पाळण्यात होता,
आले तेव्हा त्याच्या ओठांवर मिसरूड.
रोज न बघूनही
ध्यानात येत नाही, हे मी पाण्याबरोबर सोडून दिलं.

कॅटफिश सांगलीच्या दुकानदाराला परत दिला,
पिंपात बसवून, टेंपोनं.
नवा ऑस्कर आणला, जुन्याच्या मापाचा.
आणि पिशवी बाजूला ठेवून
आधी टाकीत हात घातला, कोपरापर्यंत.
सगळे दगड हलवले.
लाकडाचं खोड डावीकडचं उजवीकडे.
"हे कशाला?"
"जुना जागेवर हक्क सांगतो.
सगळंच हललं की दोघंही नवे.
मग कोण कुणाला हाकलणार?"
दिवा मालवला. पिशवी उघडली.
अंधारात कितीतरी वेळ
दोघंही आम्ही पंपाची बुडबुड ऐकत बसलो.

तेव्हाच विचारलं, वा म्हणजे काय हो?
"तामिळमध्ये? वा म्हणजे ये."

दुसऱ्या दिवशी हे बाजारात गेले
तसं मी कपाट ओढलं.
बावीस वर्षं खिडकीशी असलेली माझी खाट भिंतीला,
भिंतीची यांची खिडकीला,
मशीन जिन्याखालून बाहेर, उजेडात.
कमरेत चमक भरली.

कोळंबीची पिशवी हातात धरून
हे उंबऱ्यावर थबकले.
कुठे चप्पल काढावी तेही कळेना.

मी सुईत दोरा ओवत होते.
वर न बघता म्हटलं,
"वा."